गोळ्या मिळत नाहीत

२०१३चा फेब्रुवारी. शनिवारची सकाळ आमची, संध्याकाळ पुण्याची. आईला फोन लावला तर तिने पहिल्या वाक्यालाच पकडलं.

"आवाज का बसलाय?"

"पहाटे साडेचारला उठलो होतो गं. गोळ्यांच्या रांगेत उभा होतो."

"मिळाल्या?"

"कुठल्या मिळतायत! तीन आठवडे झाले, अख्ख्या जिल्ह्यात गोळ्या मिळत नाहीत."

पलीकडे बराच वेळ नुसता प्रेशर कुकर ऐकू आला. मग आई आवाज खाली आणून म्हणाली, "बीपीच्या का रे? मला सांगायचं नाहीस ना तू. नाव लिहून पाठव. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून वर्षभराच्या घेऊन ठेवते. शेजारच्यांची सून चाललीय पंचवीस तारखेला, तिच्याबरोबर धाडते."

दोष मराठीचा आहे. लिमलेटची ती गोळी, तापाची ती गोळी आणि बंदुकीची तीही गोळीच. मी खुलासा केला की या बंदुकीच्या गोळ्या, नातीसाठी हव्यात. त्यानंतरची शांतता मात्र कुकरलाही भेदता आली नाही.

नात तेव्हा तेरा वर्षांची. आम्ही पेन्सिल्व्हेनियात, हॅरिसबर्गपासून तासाभरावरच्या एका गावात राहतो. इथे हरणांच्या शिकारीच्या पहिल्या दिवशी, थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी, शाळांना सुट्टी असायची. पोरं नाहीतरी येणार नाहीत आणि मास्तर तर त्यांच्याही आधी रानात पोचलेले असणार, हे ओळखून दिलेली सुट्टी. अशा गावात मुलीने 'फोर-एच'मध्ये नाव घातलं. ही संस्था १९०२ साली ओहायोत शेतकऱ्यांच्या मुलांसाठी सुरू झाली. वासरं वाढवा, मका लावा, लोणची घाला, असा सगळा सात्त्विक कारभार. मला वाटलं पोरगी लोणचं शिकेल. तिने नेमबाजी निवडली.

बायको म्हणाली, "तुमच्याच घराण्याचं रक्त." यात तथ्य एवढंच, की माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते. कारखाना १८६९ सालचा. त्याच्या भोंग्यावर आमच्या घरात चहा ठेवला जायचा. पण आयुष्यभर काडतुसांच्या राशीत वावरलेल्या त्या माणसाने घरी कधी एक रिकामं टोपणदेखील आणलं नाही. फाटकावर झडती असायची हे एक, आणि आई होती हे दुसरं. दिवाळीत माझ्या पिस्तुलातल्या टिकल्या मोजून मिळत. दिवसाला एक डबी. त्यामुळे कोटा, रेशन, 'माणशी इतकेच' या गोष्टी मला नव्या नव्हत्या. अमेरिकेला नव्या होत्या.

मुलीला लागायची ती पॉइंट टू-टू, म्हणजे 'बावीस'ची गोळी. १८८७ सालापासून हिची ठेवण फारशी बदललेली नाही. अख्खं काडतूस एक इंच लांब, पेन्सिलीहून बारीक. पुढचा शिशाचा भाग साधारण चाळीस ग्रेनचा, सोनाराच्या भाषेत पाव तोळाही नाही. बंदुकांच्या जगातला हा चुरमुरा. खारी मारायच्या, कुंपणावर सोड्याचे डबे मांडून पाडायचे, पोरांचा हात बसवायचा, यासाठी ही. पण हिला हसू नये. ऑलिंपिकमधली पन्नास मीटरची रायफल हीच गोळी खाते. आमच्या कोल्हापूरकडचा, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे पॅरिसहून २०२४ मध्ये ब्राँझ घेऊन आला तो याच चुरमुऱ्यांवर. तेव्हा आईचा फोन आला होता : "अरे, हीच का ती तुझी बीपीची गोळी?"

तर हा चुरमुरा २०१२पर्यंत इथे खरोखर चुरमुऱ्याच्याच भावात मिळायचा. पाचशे-साडेपाचशेचं खोकं वीस डॉलरच्या आसपास. दुकानात एका बाजूला सायकली, दुसऱ्या बाजूला रंगाचे डबे, मध्ये गळ आणि गांडुळं, आणि त्याच्या शेजारी या. परवाना नाही, नोंदवही नाही. आपल्याकडे परवान्यावरच लिहिलेलं असतं, वर्षाला किती काडतुसं घ्यायची आणि एका वेळी जवळ किती ठेवायची. इथे बंधन असलंच तर ते आमच्यासारख्या उपऱ्यांना. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला काडतूस जवळ बाळगता येत नाही. मात्र त्याने शिकारीचा परवाना काढला की येतं. नोकरी करायला आलेला माणूस धोक्याचा, पण हरीण मारायला निघालेला भरवशाचा, असा काहीतरी हिशेब असावा. माझं ग्रीन कार्ड झालेलं होतं, म्हणून हरीण वाचलं.

मग १४ डिसेंबर २०१२ उजाडला. कनेटिकटमधल्या न्यूटाउन गावात सँडी हुक शाळेत एका तरुणाने वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मारली. मुलं सहा-सात वर्षांची होती. त्या आठवड्यात आमच्या गावात कोणी फारसं बोलत नव्हतं. शाळेच्या बसपाशी आईबाप नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबत.

जानेवारीत ओबामांनी नवे निर्बंध सुचवले आणि देशभर लोक दुकानांकडे धावले. ज्या बंदुकांवर बंदीची चर्चा होती त्या संपल्या, हे समजू शकतं. त्यांच्या गोळ्या संपल्या, तेही समजू शकतं. पण बावीसच्या गोळीवर बंदी घाला असं कोणी झोपेतही म्हणालं नव्हतं, आणि सगळ्यांत जास्त काळ तीच गायब झाली. कारण साधं होतं. ती संपेल असं लोकांना वाटलं म्हणून लोकांनी ती संपवली. मीठ संपणार अशी आवई उठल्यावर आपल्याकडे पाच-पाच किलो मीठ घेऊन घरी जाणारी माणसं मी पाहिली आहेत. चहात घालणार होती की काय, देव जाणे.

त्यात या गोळीचा स्वभाव अडेलतट्टू. मोठ्या काडतुसांचं रिकामं पितळी नळकांडं घरी पुन्हा भरता येतं. इथे तळघरात यंत्रं मांडून बसलेले निवृत्त लोक आहेत, आपल्याकडे गच्चीवर पापड घालावेत तसं त्यांचं चालतं. बावीसचं तसं नाही. हिची ठिणगी बुडाच्या कडेत असते. कारखान्यात ओलं स्फोटक मिश्रण नळकांड्यात घालून ते गरगर फिरवतात. ताट फिरवलं की आमटी कडेला पळते, तसं ते कडेत जाऊन बसतं. एकदा कड चेपली, गोळी उडाली, की कारभार आटोपला. नवीच करावी लागते, आणि ती करणारी यंत्रं कोपऱ्यावर मिळत नाहीत. आयडाहोत लुइस्टनला, मिनेसोटात अनोकाला असे जे मोजके कारखाने होते, त्यांच्यावरच मुख्य भिस्त. नवा कारखाना काढावा तर मालकांना पक्कं ठाऊक, की हे भूत दोन वर्षांत उतरेल आणि मग यंत्रं गंजतील. त्यांचा हिशेब बरोबर होता. आमची रांगही बरोबर होती.

रांगेत सिद्धांत भरपूर मिळत. सर्वांत लाडका असा, की गृहसुरक्षा खातं सगळ्या गोळ्या गुपचूप उचलतंय. पुढे सरकारी हिशेब तपासनिसांनी वह्या उघडल्या तेव्हा त्या खात्याची खरेदी उलट घटलेली निघाली. पण तोवर सिद्धांताने पहाटेच्या थंडीत बऱ्याच जणांना ऊब दिली होती.

मुलीच्या क्लबाचा साठा जानेवारीत संपला. रायफली क्लबाच्या, गोळ्या आपापल्या आणाव्यात, असा निरोप आला. म्हणजे त्या संपूर्ण रांगेत घरी बंदूक नसलेला मी एकटा. नालेसाठी घोडा घेणारे ऐकले होते, मी घोड्यावाचून नाल शोधत होतो.

रांग दुकानाच्या आत, काचेच्या कपाटापुढे लागे. गावाबाहेरचं ते मोठं दुकान चोवीस तास उघडं असायचं. ट्रक रात्री येई, पण कपाटाची किल्ली असलेला पोरगा सकाळी सातला उगवे. माणशी तीन खोकी, दिवसाला. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सहाला दहा कमी होते आणि माझ्यापुढे सहा जण. पहिल्या नंबरावर घडीची खुर्ची टाकून एक सत्तरीचे गृहस्थ. डोक्याला कानझाकणी टोपी, मांडीवर थर्मास. मी मनात त्यांचं नाव आजोबा ठेवलं. आजोबांच्या हातात दुकानाचीच एक लांबलचक पावती, आणि तिच्या पाठीवर पेन्सिलीने नावं. आलेल्याने नाव सांगायचं आणि मग हवं तिथे हिंडायचं. कोणी दूध घेऊन येई, कोणी गाडीत जाऊन डुलकी काढी. नंबर हलत नसे.

मला भरून आलं. लहानपणी खडकीत रॉकेलच्या दुकानापुढे आम्ही डब्यांची रांग लावायचो. डबा नसेल तर वीट. आईची वीट सगळ्यांना माहीत होती, तिच्यावर खडूने स्वस्तिक असायचं. फरक एवढाच की आमच्याकडे विटेची राखण करायला माझ्यासारखा एक मुलगा बसवावा लागे, आणि तरीही 'ही वीट काल इथे नव्हती' यावरून आठवड्याला एक भांडण ठरलेलं.

आजोबांनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी सावकाश सांगितलं. त्यांनी पेन्सिल ओली केली, कागदाकडे पाहिलं, आणि मग विचारलं, "कशासाठी हव्यात?" मी म्हटलं, मुलीसाठी, फोर-एच. त्यांनी सुटकेचा श्वास टाकून लिहिलं, 'फोर-एच'. त्या दिवसापासून रांगेत मी फोर-एच. आमच्या घराण्याचं पाच पिढ्यांचं आडनाव एका पेन्सिलीने मिटवलं.

सातला किल्लीवाला आला. वीसेक वर्षांचा पोरगा, डोळ्यांत झोप. कंबरेला किल्ल्यांचा जुडगा, त्यातली दर वेळी शेवटची बरोबर निघे. कपाटात बारा खोकी, पन्नास-पन्नास गोळ्यांची. तीन-तीन करून चार माणसांत संपली. चौथा आत वळला आणि पाचव्याने मान डोलावली, 'उद्या बघू' म्हणाला आणि रंगाच्या डब्यांकडे निघून गेला. मी सातवा. मला शिव्या ऐकायची इतकी तयारी होती, की शांततेनेच दचकलो.

मी निघालो तोच मागून हाक आली, "फोर-एच! पोरगी शनिवारी किती उडवते?"

"पन्नास," मी म्हटलं.

आजोबांनी आपल्या तिनांतलं एक खोकं माझ्या हातावर ठेवलं. एवढंसं खोकं, पण हात खाली गेला. शिसं ते शिसंच. मी पाकीट काढलं. दोन डॉलर आणि काही चिल्लर एवढी त्याची किंमत, बाहेर शनिवार-रविवारच्या बंदुकांच्या जत्रेत त्याचेच कैक पट घेत होते. आजोबांनी पाकिटाकडे असं पाहिलं, जसं मी देवळात पायतणासकट शिरलोय. म्हणाले, "पैसे सगळ्यांकडे आहेत. तुला मिळाली की एक खोकं परत आण."

म्हणजे वाटीभर साखर उसनी. एवढंच होतं ते, पण ते इंग्रजीत ऐकायला मी इतकी वर्षं थांबलो होतो.

पुढच्या दोन महिन्यांत मला या रांगेचं वेड लागलं. गोळ्या मिळोत न मिळोत, मी जायचो. रात्रपाळी संपवून थेट येणारी एक नर्स होती. तिला हव्या होत्या नऊ मिलिमीटरच्या, पण ती बावीसच्या आल्या तर त्याही घ्यायची आणि ज्याच्याकडे नऊच्या जास्त असतील त्याच्याशी बदलायची. तिच्याकडे कोण कशाच्या शोधात आहे याची अशी यादी तोंडपाठ होती, की वधूवर सूचक मंडळाने नोकरी द्यावी. एक ट्रक ड्रायव्हर शेजारच्या तालुक्यांतल्या दुकानांची खबर फोनवर कळवायचा. किल्लीवाल्या पोराला कोणीतरी रोज कॉफी आणायचं. लाच म्हणून नाही, कारण कॉफी पिऊनही तो तीनच खोकी देई. एकदा त्याने स्वतःच्या वडिलांनाही तीनच दिली आणि वर नियमाप्रमाणे विचारलं, "रायफलसाठी की पिस्तुलासाठी?"

हा प्रश्न म्हणजे एक गंमत. इथे रायफलच्या गोळ्या अठराव्या वर्षी घेता येतात, पिस्तुलाच्या एकविसाव्या. बावीस दोन्हींत चालते, म्हणून कोवळ्या गिऱ्हाइकाला विचारायचं. पण पोराला नियमातलं वय लक्षात नव्हतं, प्रश्न तेवढा पाठ होता. तो आजोबांनाही विचारायचा. त्रेसष्ट सालापासून शिकार करणारे आजोबा रोज गंभीरपणे 'रायफल' म्हणायचे. मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी मराठी सवयीने सविस्तर उत्तर द्यायला लागलो, की माझ्याकडे खरं म्हणजे दोन्ही नाही. मागून पाच-सहा जण एका सुरात म्हणाले, "रायफल!"

सगळे संतच होते असं नाही. एक गृहस्थ बायको, मेव्हणा आणि सासू घेऊन यायचे. चौघांची बारा खोकी, आणि तीच रविवारी जत्रेतल्या टेबलावर. रांगेने त्यांना कधी उणा शब्द काढला नाही. त्यांनी विचारलं, ट्रक कोणत्या रात्री येतो, तर सगळ्यांनी एकमताने चुकीचा वार सांगितला. नर्सने सांगितला, आजोबांनी सांगितला आणि माझ्याकडे त्यांनी खात्रीसाठी वळून पाहिलं तेव्हा, सांगायला लाज वाटत नाही, मीही सांगितला. ती सासू नंतर एकटी यायला लागली. जावयासाठी नव्हे. तिला आजोबांची कॉफी आवडली होती.

आणि एक सांगायलाच हवं. मी एकदा विचारलं होतं, की एवढ्या साठवून करणार काय? खारी तरी किती असतात? ट्रक ड्रायव्हर म्हणाला, "वेळ सांगून येत नाही. उद्या लोक येतील." मी विचारलं, कोण लोक? त्याने दरवाज्यापलीकडे, पार्किंगच्या अंधाराकडे हात केला. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्या अंधारातून येणारा, सावळा, नाव उच्चारता न येणारा माणूस या रांगेत आधीच सातव्या नंबरावर उभा होता आणि ड्रायव्हरच्याच थर्मासमधली कॉफी पीत होता. हे त्याच्या लक्षात आलं नाही. मी आणून दिलं नाही, कॉफी गरम होती.

तेवढ्यात अंधारातून खरंच कोणीतरी आलं. एक पोरगा, अंगात जेमतेम स्वेटर, गाडीची बॅटरी बसलेली. चार जण केबल घेऊन बाहेर धावले. त्यांचे नंबर कागदावर होतेच.

अशी रांग पुन्हा २०२०मध्ये लागली. त्या वर्षी बंदूकखरेदीसंबंधीच्या पूर्वतपासण्याच जवळजवळ चार कोटींवर गेल्या. गोळ्यांना एवढी मागणी असताना १८१६पासूनची रेमिंग्टन कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली, ऐन लग्नसराईत सोनाराने पाटी उतरवावी तशी. पण तेव्हा सगळे सहा-सहा फुटांवर, तोंडाला मास्क. मास्कमधून 'रायफल' म्हटलेलं ऐकू येईना. ती काही रांग नव्हे, नुसती गैरसोय होती.

तर २०१३च्या त्या एप्रिलमधल्या एका पहाटे माझा तिसरा नंबर लागला आणि मला एकदम तीन खोकी मिळाली. मी घरी येऊन ती देव्हाऱ्यापुढे ठेवली नाहीत एवढंच. एक आजोबांचं परत करायचं होतं. दुसऱ्या दिवशी निघताना बायको दारात आडवी आली. या सगळ्या उपद्व्यापाला तिचा पहिल्यापासून विरोध. घरात लाटणं आहे तेवढं शस्त्र पुरे, असं तिचं मत, आणि त्याची परिणामकारकता वादातीत आहे.

"नुसतं परत देणार?" ती म्हणाली.

"मग? व्याज लावू?"

"उसनी वाटी रिकामी परत करतात का? आईंनी काय शिकवलंय?"

वाटी गोळ्यांची आहे, असं मी क्षीणपणे म्हणून पाहिलं. तिने ऐकलं नाही. तिने स्टीलच्या डब्यात बेसनाचे लाडू भरले, वर कागद घातला आणि त्या डब्यावर ते खोकं ठेवून दोन्ही माझ्या हातात दिलं. पुढच्या आयुष्यात काय काय वाहावं लागेल याची खडकीत कल्पना नव्हती.

रांगेत आजोबांनी आधी खोकं घेतलं, उघडून मोजल्यासारखं केलं, खिशात टाकलं. मग डबा उघडला. ते पिवळे, गोल, तुपकट लाडू बराच वेळ पाहत राहिले. मी म्हटलं, डाळीच्या पिठाचे आहेत, गोड. मराठीत यांनाही गोळेच म्हणता येईल, हे मनातच ठेवलं. त्यांनी एक तोंडात टाकला. टोपीची कानझाकणी चावण्याबरोबर वरखाली होत राहिली. रांग बघत होती. नर्सने मान उंच केली, सासूबाई दोन पावलं पुढे सरकल्या, किल्लीवाला पोरगा जुडगा हातात तसाच धरून थांबला.

आजोबांनी घास गिळला, डब्याचं झाकण अर्धं लावलं, आणि रांगेकडे वळून खणखणीत आवाजात सांगितलं, "माणशी एक."

मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "फोर-एचला तीन."